खेळाची ‘तटस्थता’ आणि ओट्टो नेर्त्सची वाटचाल

‘खेळात राजकारण आणू नये’ हे वाक्य आजवर इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या तोंडांतून ऐकू आले आहे की ते एखाद्या सुभाषितासारखे निरागस वाटू लागले आहे. पण हे वाक्य कोण उच्चारतो, केव्हा उच्चारतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, याची चौकशी केली तर त्याची निरागसता फार काळ टिकत नाही. सत्ताधाऱ्याने मैदानावर आपला झेंडा रोवला तर ते राजकारण नसते. तो झेंडा उतरवण्यास कोणी पुढे झाला की मात्र खेळात राजकारण शिरले अशी ओरड सुरू होते. या ढोंगाची शोकपर्यवसायी कहाणी पाहायची असेल, तर जर्मन फुटबॉलच्या आरंभीच्या काळातील खेळाडू आणि जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा पहिला प्रशिक्षक ओट्टो नेर्त्स याचे चरित्र तपासावे. समाजवाद्यांनी तर ते अधिकच बारकाईने तपासावे. कारण हा मनुष्य एके काळी समाजवादी पक्षाचा सभासद होता.

नेर्त्सचा जन्म १८९२ साली दक्षिण जर्मनीतील हेखिंगेन या गावी झाला. पेशाने तो शिक्षक. मानहाइम या औद्योगिक शहरात तो फुटबॉल खेळला आणि पहिल्या महायुद्धाची झळ सोसून परत आला. युद्धानंतर कैसरचे साम्राज्य कोसळले, प्रजासत्ताक आले, आणि त्या नव्या पहाटेच्या उत्साहात १९१९ साली तो जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षात दाखल झाला. खेळाडू, शिक्षक आणि समाजवादी असा हा तरुण पुढे कोणत्या मैदानावर उभा राहणार, हा प्रश्न त्या काळात मुळीच काल्पनिक नव्हता. कारण जर्मनीत त्या वेळी एक नव्हे, दोन फुटबॉल नांदत होते.

एक फुटबॉल १९०० साली लाइपझिग येथे स्थापन झालेल्या जर्मन फुटबॉल संघटनेचा. तिचे पुढारी मध्यमवर्गीय, राष्ट्रवादी आणि लष्करी शिस्तीचे भोक्ते. दुसरा फुटबॉल श्रमिकांचा. १८९३ साली जन्मलेल्या श्रमिक व्यायाम संघाने महायुद्धानंतर सर्व खेळांना सामावून घेतले. त्याची स्वतःची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती, स्वतःचा राष्ट्रीय संघ होता, लाइपझिगला स्वतःची क्रीडाशाळा होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील श्रमिक क्रीडा चळवळीची सभासदसंख्या दहा लाखांवर गेली होती. १९२५ साली फ्रांकफुर्ट येथे या चळवळीने आंतरराष्ट्रीय श्रमिक ऑलिंपिक भरवले. युद्धात कालपर्यंत परस्परांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे कामगार तेथे एकाच मैदानावर उतरले आणि ‘पुन्हा युद्ध नको’ ही त्या मेळाव्याची घोषणा ठरली. राष्ट्रगीतांच्या जागी तेथे आंतरराष्ट्रीय श्रमिकांचे गीत होते.

खिशात समाजवादी पक्षाचे सभासदपत्र बाळगणाऱ्या नेर्त्सने या दोहोंपैकी पहिल्याची निवड केली. त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. प्रतिष्ठा, पगार, परदेशांशी सामने आणि वृत्तपत्रांतील रकाने हे सारे प्रस्थापितांच्या फुटबॉलकडे होते. पक्ष ही संध्याकाळच्या सभेची बाब आणि खेळ ही कौशल्याची बाब, अशी सोयीस्कर फाळणी त्याने मनाशी केली असावी, असे त्याच्या वर्तनावरून दिसते. ही फाळणीच पुढच्या सर्व पतनाचे मूळ होय.

ज्या संघटनेला त्याने आपले मानले तिची वर्गीय वृत्ती त्याला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. खेळासाठी पैसा घेणे हे त्या संघटनेच्या लेखी पाप होते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हे पाप न करणे सोपे असते. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याने काय करावे? मानहाइमच्या वाल्डहोफ या कारखान्यांच्या वस्तीत वाढलेल्या, पितृछत्र लवकर हरपलेल्या सेप हेर्बर्गर या खेळाडूने क्लब बदलताना पैसे घेतल्याचे १९२१ साली उघडकीस आले, तेव्हा संघटनेने त्याला मैदानातून हद्दपार केले. पुढे ती शिक्षा कमी झाली. १९३० साली खाणकामगारांचा लाडका शाल्के संघ याच कारणावरून जवळजवळ सबंध बाद करण्यात आला, आणि त्या नामुष्कीने क्लबच्या खजिनदाराने जीव दिला. तिकिटांचे उत्पन्न घेणे हे पाप नव्हते, ते ज्यांच्या पायांवर उभे राहिले त्या कामगारांनी त्यातला वाटा घेणे मात्र पाप होते. भांडवलशाहीत नीतिनियमांचा उगम कोठे असतो हे समजून घेण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

नेर्त्सच्या गुणांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. बर्लिनच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात त्याने शास्त्रशुद्ध अभ्यास केला, टेनिस बोरुसिया या बर्लिनमधील क्लबात तो खेळला, नंतर त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला, आणि १९२६ साली जर्मनीचा पहिला राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. इंग्रजांच्या खेळाचा त्याने कसून अभ्यास केला. बचावाची नवी रचना, शारीरिक क्षमतेवर भर, तिन्ही त्रिकाळ शिस्त ही त्याच्या पद्धतीची अंगे होती. खेळाडूंना तो कवायतीच्या मास्तरासारखा वाटे. पुढे वैद्यकाची पदवी मिळवून तो डॉक्टरही झाला. परिश्रमी, हुशार, आपल्या विषयात पारंगत असा हा मनुष्य होता. आणि नेमके म्हणूनच त्याचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मूर्ख आणि आळशी माणसे हुकूमशाहीला फारशी उपयोगी पडत नाहीत. तिला आपले काम चोख करणारे आणि त्या कामापलीकडे न पाहणारे तज्ज्ञ हवे असतात.

१९३३ साल उजाडले आणि कसोटीची घटका आली. त्या वर्षांपर्यंत डॉ. राममनोहर लोहिया बर्लिन विद्यापीठात विद्यार्थी होते, आणि जगातील सर्वांत बलाढ्य समजल्या जाणाऱ्या कामगार चळवळीचा विनाश कसा घडत आला हे त्यांनी जवळून पाहिले होते. हिटलर सत्तेवर येताच काही महिन्यांत सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, कम्युनिस्ट पक्ष आणि कामगार संघटना चिरडण्यात आल्या. श्रमिक क्रीडा संघटनांवर बंदी आली. त्यांची मैदाने, इमारती आणि निधी जप्त झाले. दहा लाख कामगारांनी वर्गणीतून उभे केलेले वैभव एका वसंत ऋतूत लुटले गेले.

आणि ती दुसरी, ‘राजकारणापासून अलिप्त’ असलेली फुटबॉल संघटना काय करीत होती? ९ एप्रिल १९३३ रोजी दक्षिण जर्मनीतील प्रमुख क्लबांनी स्टुटगार्ट येथे नव्या राजवटीला सहकार्य जाहीर केले. त्यात ज्यूंना क्लबांतून दूर करण्याचाही समावेश होता. त्याच महिन्यात मध्यवर्ती संघटनेने फर्मान काढले की ज्यू आणि मार्क्सवादी चळवळीचे अनुयायी यांना संघटनेच्या व क्लबांच्या नेतृत्वाच्या जागी थारा नाही. तोवर तशी सक्ती करणारा कायदा क्रीडाक्षेत्रासाठी झालेला नव्हता. मालकाने हाक मारण्यापूर्वीच नोकर धावत गेला होता. वर्षानुवर्षे ‘खेळात राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनी राजकारणातले सर्वांत हिडीस तत्त्व एका पंधरवड्यात आपल्या नियमांत बसवले. यावरून त्यांचा विरोध राजकारणाला कधीच नव्हता हे स्पष्ट होते. तो विरोध श्रमिकांच्या राजकारणाला होता.

यूलियुस हिर्श हा जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला ज्यू खेळाडू. कार्ल्सरूहेच्या संघाबरोबर १९१० साली आणि फ्युर्थच्या संघाबरोबर १९१४ साली तो राष्ट्रविजेता ठरला होता. महायुद्धात लढून त्याने शौर्यपदक मिळवले होते. क्लबांचा निर्णय वृत्तपत्रात वाचताच, कोणी बाहेर काढण्यापूर्वी, त्याने आपल्या जन्मभराच्या क्लबचा पत्र पाठवून राजीनामा दिला. त्या वेळी त्याच खेळातील त्याचा समकालीन, कालपर्यंत सोशल डेमोक्रॅट असलेला नेर्त्स कोठे होता? तो तपकिरी गणवेशाच्या वादळी तुकड्यांत भरती होत होता. १९३७ साली तो नाझी पक्षाचाही सभासद झाला. ‘मार्क्सवाद्यांना थारा नाही’ असे म्हणणाऱ्या संघटनेत आपले पद टिकवण्यासाठी त्याने आपला भूतकाळ जुन्या कोटासारखा खुंटीला अडकवला.

त्याला त्याचे मोल मिळाले. १९३४ साली मुसोलिनीच्या इटलीत झालेल्या विश्वचषकात त्याच्या संघाने ऑस्ट्रियाला ३–२ असे हरवून तिसरे स्थान पटकावले. मैदानावर खेळाडूंचे हात नाझी अभिवादनासाठी वर होत होते. ४ डिसेंबर १९३५ रोजी हाच संघ लंडनमध्ये इंग्लंडशी खेळला. सोबत सुमारे दहा हजार जर्मन प्रेक्षक आणण्यात आले होते. ब्रिटिश कामगार संघटनांच्या काँग्रेसने या सामन्याला कसून विरोध केला. जर्मनीत कामगार पुढारी तुरुंगात खितपत असताना त्यांच्या तुरुंगाधिकाऱ्यांच्या झेंड्याला लंडनमध्ये मान कशासाठी, असा तिचा रोख होता. गृहमंत्री सर जॉन सायमन यांनी या सामन्याला राजकीय अर्थ नाही असे सांगून ती मागणी फेटाळली. स्टेडियमवर स्वस्तिकाचा ध्वज फडकला, आणि एका निदर्शकाने तो खाली ओढला. या दोघांपैकी सामन्याचा अर्थ कोणाला समजला होता, गृहमंत्र्याला की त्या निदर्शकाला, हे सांगण्यास इतिहासाला फार वेळ लागला नाही.

मग १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक आले. त्याला उत्तर म्हणून बार्सेलोना येथे जुलै महिन्यात लोकऑलिंपिक भरायचे होते. देशोदेशींचे श्रमिक खेळाडू तेथे पोचलेही होते; परंतु उद्घाटनाच्या तोंडावर फ्रँकोचे बंड उसळले आणि स्पर्धा झाली नाही. काही खेळाडूंनी तेथेच राहून प्रजासत्ताकासाठी शस्त्र हाती घेतले. बर्लिनचा सोहळा मात्र थाटात पार पडला आणि जग भुलले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी त्या वेळी बर्लिनला गेले होते. परतंत्र देशाच्या त्या तरुणांना दोष देण्याचे कारण नाही. पण त्या झगमगाटाने किती दूरदूरच्या माणसांना आपल्या मंडपात ओढले होते, हे यावरून ध्यानात यावे.

७ ऑगस्ट रोजी बर्लिनच्या पोस्ट स्टेडियमवर जर्मनीचा सामना नॉर्वेशी होता. पहिल्या फेरीत लक्झेंबर्गला ९–० असे धुळीस मिळवलेला जर्मन संघ हा सामना जिंकणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. हिटलर आणि गोबेल्स हे दोघेही प्रेक्षकांत बसले होते. नॉर्वेच्या इसाकसेनने आरंभीच एक आणि अखेरीस दुसरा गोल केला. जर्मनी ०–२ असा हरला. हिटलर सामना संपण्यापूर्वीच निघून गेला. नेर्त्सचे आसन त्याच दिवशी डळमळले. राष्ट्रीय संघाची सूत्रे हळूहळू त्याचा शिष्य हेर्बर्गर याच्या हाती गेली. ज्या सत्तेसाठी त्याने आपली निष्ठा विकली त्या सत्तेला त्याच्या निष्ठेत रस नव्हता. तिला फक्त विजय हवा होता.

येथे नेर्त्सचे वकील नेहमीचा युक्तिवाद पुढे करतील. परिस्थितीच तशी होती. एकटा मनुष्य काय करणार. तो तर केवळ फुटबॉलचा शिक्षक होता. या युक्तिवादाचे उत्तर ग्रंथांत शोधण्याची गरज नाही. ते त्याच दिवशी, त्याच मैदानाच्या कडेला हजर होते. नॉर्वेच्या संघाचा प्रशिक्षक आस्ब्यर्न हाल्व्होर्सेन हाही केवळ फुटबॉलचाच माणूस. १९२१ पासून बारा वर्षे तो हांबुर्गच्या संघात खेळला, त्याच्या नेतृत्वात त्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदाची चव चाखली, जर्मन प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी तो मायदेशी परतला आणि नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेचा कार्यवाह झाला.

१९४० साली जर्मन फौजांनी नॉर्वे व्यापला. नव्या राजवटीने क्रीडासंघटना ताब्यात घेण्याचा घाट घालताच नॉर्वेच्या खेळाडूंनी संप पुकारला. खेळाडू मैदानावर उतरेनात, उतरले तर प्रेक्षक फिरकेनात. रिकाम्या बाकांसमोर सत्ताधाऱ्यांचे सामने होऊ लागले. हा क्रीडासंप मुक्तीच्या दिवसापर्यंत टिकला. त्याच्या सूत्रधारांत हाल्व्होर्सेन होता. १९४२ साली त्याला अटक झाली. ग्रिनीच्या तुरुंगातून त्याला नाट्सव्हायलर आणि नोयेनगामे या छळछावण्यांत नेण्यात आले. नोयेनगामे हे हांबुर्गच्या हद्दीत आहे. ज्या शहराने त्याला खांद्यावर नाचवले, त्याच शहराच्या कडेला त्याला उपाशी मारण्याची व्यवस्था झाली होती. तो जगून परतला, पुन्हा संघटनेच्या कामाला लागला. पण ढासळलेली प्रकृती सावरली नाही आणि १९५५ साली त्याचे निधन झाले.

परिस्थिती दोघांचीही सारखीच कठीण होती असे नव्हे. परक्या आक्रमकाविरुद्ध उभे राहणे आणि स्वदेशातील हुकूमशहाविरुद्ध उभे राहणे यांत फरक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु नेर्त्सपुढे छळछावणी आणि गणवेश असे दोनच पर्याय नव्हते. गप्प बसणे, पद सोडणे, शाळेत परत जाणे हे मार्ग मोकळे होते. हजारो सामान्य सोशल डेमोक्रॅटांनी ते पत्करले. आणि गप्प राहण्याची मुभा असतानाही तो गप्प राहिला नाही, हे तर त्याच्या चरित्रातील सर्वांत काळे पान आहे.

१ मार्च १९४३ रोजी यूलियुस हिर्शला आउशविट्झकडे रवाना करण्यात आले. तो परत आला नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी, जून १९४३ मध्ये, नेर्त्सने बर्लिनच्या एका वृत्तपत्रात ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारे लेखन केले. युरोपचे क्रीडाक्षेत्र ज्यूंपासून मुक्त होत आहे, असा त्याचा आशय होता. प्रशिक्षकपद केव्हाच गेले होते. फुटबॉलचा डावपेच म्हणून या लेखनाचे समर्थन होऊ शकत नाही. आणि ज्या टेनिस बोरुसियाने त्याला घडवले, त्या क्लबाच्या संस्थापकांत आणि आधारस्तंभांत ज्यू नागरिक होते. ज्या हातांनी त्याला भाकर दिली होती, त्या हातांविरुद्धच त्याची लेखणी चालली होती. ‘मी केवळ तंत्रज्ञ’ म्हणत निघालेला मनुष्य कोठवर जाऊ शकतो, याची ही सीमा होय.

युद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी नेर्त्सला पकडले आणि १९४९ साली झाक्सेनहाउझेन येथील त्यांच्या छावणीत तो मरण पावला. ज्या झाक्सेनहाउझेनमध्ये नाझींनी समाजवाद्यांना डांबले होते, तेथेच. यात काव्यात्म न्याय पाहून टाळ्या पिटणे लोकशाही समाजवाद्याला शोभणारे नाही. त्या छावणीतील बहुसंख्य कैद्यांवर खटले चालले नव्हते. अपराध्यालाही न्यायालयासमोर उभे करावे लागते. त्याशिवाय उपासमारीने मारणे हा न्याय नव्हे, कोणत्याही झेंड्याखाली तो न्याय होत नाही. शिवाय खटला झाला असता तर त्याच्याबरोबर त्याच्या संघटनेचीही साक्ष झाली असती. ती झाली नाही, आणि संघटना सहीसलामत सुटली.

सुटली म्हणजे किती? हेर्बर्गरनेही १९३३ सालीच नाझी पक्षाचे सभासदत्व घेतले होते. युद्धानंतर त्याची ‘अनुयायी’ अशी सौम्य वर्गवारी झाली, तो पुन्हा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला, आणि १९५४ साली बर्न येथे पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकताच जुने सारे हिशेब त्या जल्लोषात बुडाले. तरी या वाल्डहोफच्या पोराच्या मनात कोठेतरी ओलावा शिल्लक असावा. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध एका सामन्यात दहा गोल करणारा ज्यू खेळाडू गॉटफ्रीड फुक्स परागंदा होऊन कॅनडात स्थायिक झाला होता. १९७२ साली म्युनिकच्या नव्या स्टेडियमवरील उद्घाटनाच्या सामन्याला त्याला सन्मानाने बोलवावे, अशी हेर्बर्गरने खटपट केली. संघटनेने नकार दिला. उगाच पायंडा पडेल ही तिची भीती. तो नकार कळण्यापूर्वीच फुक्सने मॉन्ट्रियल येथे प्राण सोडले होते. हिर्शच्या नावाचा पुरस्कार सुरू करण्यास आणि नाझी काळातील आपल्या इतिहासाचे संशोधन प्रसिद्ध होण्यास त्या संघटनेच्या बाबतीत २००५ साल उजाडावे लागले. बहात्तर वर्षे ती ‘राजकारणापासून अलिप्त’ राहिली होती!

आता दोषाची उरलेली बाजू. ती आपल्या अंगणातली आहे. जर्मन श्रमिक क्रीडा चळवळ १९३३ साली कोसळली ती केवळ नाझींच्या घावाने नव्हे. १९२८ च्या सुमारास सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांच्या भांडणात तिची दोन शकले झाली होती. एकाच गल्लीतील, एकाच कारखान्यातील कामगारांची मुले दोन निरनिराळ्या संघटनांत खेळत आणि परस्परांना शत्रू मानत. दरम्यान कामगारांच्या मुलांपैकी बहुसंख्य प्रस्थापितांच्या क्लबांतच खेळत राहिले. आणि पक्षाने नेर्त्ससारख्या बुद्धिमान सभासदाला तुझे ज्ञान कोणाच्या कामी येते आहे, हा प्रश्न विचारल्याची कोठे खूण दिसत नाही. सभासदाची वर्गणी वेळेवर आली की त्याच्या दिवसाच्या उरलेल्या चोवीस तासांची चौकशी करावयाची नाही, ही पक्षांची जुनी खोड आहे. सभासद म्हणजे वहीतले नाव नव्हे. तो ज्या शाळेत शिकवतो, ज्या इस्पितळात औषध देतो, ज्या मैदानावर मुलांना धावायला शिकवतो, तेथे त्याचा समाजवाद दिसला नाही तर तो कोठेच नाही.

म्हणून ‘खेळात राजकारण नको’ असे कोणी म्हणेल तेव्हा कार्यकर्त्यांनी संकोचून माघार घेऊ नये. त्यांनी शांतपणे विचारावे : मैदान कोणाच्या मालकीचे आहे? तिकिटाचा पैसा कोणाच्या खिशात जातो? संघातून कोणाला वगळले आहे, आणि का? सन्मानाच्या खुर्चीत कोण बसले आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की राजकारण बाहेरून आलेले नाही, ते आधीपासून तेथे मांडी घालून बसले होते, हे उमजते. त्यानंतर निवड उरते ती फक्त बाजूची. ७ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या मैदानाकडेला बसलेल्या दोन प्रशिक्षकांनी ती आपापल्या परीने केली. गोलफलकावर २–० असे लिहिले गेले. खरा निकाल लागायला नऊ वर्षे लागली, आणि त्यातही नॉर्वेचाच माणूस जिंकला.